आधी आपलं कँटीन सुधारा

जुलै २०२५ मध्ये समोसा आणि जिलेबी अचानक राष्ट्रीय बातमी झाले. कार्यालयांत आणि कँटीनमध्ये तेल-साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावा, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी खात्यांना आणि संस्थांना कळवलं होतं. नागपूरच्या एम्सचंही नाव त्यात आलं. बातमी तोंडातोंडी पसरली आणि आता समोशावरही सिगारेटसारखा इशारा येणार, असं लोक बोलू लागले. मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडला. शेवटी सरकारला खुलासा करावा लागला की कुठल्याही पदार्थावर किंवा फेरीवाल्यावर इशारा लावायचा नाही, फलक फक्त आठवण करून देण्यासाठी आहेत.

विनोद विरले, पण प्रश्न उरला. आम्ही काय खावं, काय प्यावं, काय ओढावं हे सांगण्याचा अधिकार सरकारी कार्यालयाला, शाळेला, हॉस्पिटलला आहे का? प्रौढ माणूस स्वत:च्या पैशाने स्वत:चं शरीर बिघडवत असेल तर मध्ये पडणारे हे कोण?

याचं उत्तर शोधताना सिगारेट आणि समोसा यांना एकाच तराजूत टाकून चालणार नाही.

आज ज्या स्त्रिया पन्नाशीत आहेत, त्यांना जुन्या बसमधला, रेल्वेच्या डब्यातला आणि कचेरीतला विडी-सिगारेटचा धूर नक्की आठवत असेल. कडेवर मूल घेतलेल्या बाईने ‘जरा विझवता का?’ म्हटलं की ‘त्रास होत असेल तर दुसरीकडे बसा’ असं उत्तर मिळायचं. तिच्या बाजूने बोलायला कुणी नसे.

मग न्यायालयं पुढे आली. केरळ उच्च न्यायालयाने जुलै १९९९ मध्ये सार्वजनिक ठिकाणचं धूम्रपान बेकायदा ठरवलं. मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये हॉस्पिटल, शिक्षणसंस्था, ग्रंथालय, सरकारी कार्यालय, बस, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून नवे, कडक नियम देशभर लागू झाले. दंड होता फक्त २०० रुपयांपर्यंत.

हे भारतात चालणारच नाही, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. आज सिनेमागृहात कुणी सिगारेट पेटवली तर शेजारचे लोकच त्याला बाहेर काढतील. ही जादू २०० रुपयांची नाही. धूर सहन न करणं हा आपला हक्क आहे, हे त्या कडेवर मूल घेतलेल्या बाईला कायद्याने सांगितलं आणि तिला तोंड उघडायचं बळ मिळालं. बंदी सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसांसाठी नव्हती, त्याच्या शेजाऱ्याच्या फुप्फुसांसाठी होती. म्हणूनच ती योग्य होती.

घराच्या उंबरठ्याच्या आत मात्र हा कायदा येत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते आणि सुमारे ३९ टक्के प्रौढांना स्वत:च्या घरातच दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावं लागत होतं. ऑफिसमध्ये मुकाट्याने खाली उतरून सिगारेट ओढणारे साहेब घरी मात्र मुलांच्या खोलीशेजारी सोफ्यावर बसून पेटवतात. तिथे बायकोलाच नियम करावा लागेल आणि तो करताना अजिबात संकोच करू नये.

आता समोशाकडे येऊ. शेजाऱ्याने खाल्लेला समोसा तुमच्या पोटात जात नाही. म्हणून प्रौढ माणसाच्या ताटावर पहारा ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही. फलक लावा, माहिती द्या, पण चाळिशीतल्या कारकुनाने चार वाजता चहाबरोबर काय खावं, हे त्याच्या साहेबाने ठरवायचं कारण नाही. आज तेलाच्या नावाने ताटात डोकावणारा उद्या धर्माच्या, जातीच्या नावानेही डोकावेल. आपल्या देशात तसं डोकावणाऱ्यांची कमी नाही.

लहान मुलांचं मात्र तसं नाही. आठ वर्षांच्या मुलाला साखर, मीठ आणि चरबीचा हिशेब कळत नाही. त्याला पाकिटाचा रंग, आत मिळणारं खेळणं आणि जाहिरातीतला खेळाडू कळतो. आईवडील त्याला रोज पाच-सहा तास शाळेच्या स्वाधीन करतात, तेव्हा त्या वेळेत त्याच्यासमोर काय ठेवलं जातं, याची जबाबदारी शाळेचीच असते.

नियमही झाले आहेत. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या कँटीनमधून चिप्स, नूडल्स, पिझ्झा, बर्गर, गॅसची शीतपेयं हद्दपार करण्याचा आदेश काढला. देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तंबाखूसाठी तर शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांची मर्यादा २००३ च्या कायद्यातच आहे.

आता तुमच्या मुलाच्या शाळेच्या फाटकापासून ५० पावलं चालून बघा. टपरीवर पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतील. त्यांच्या खालीच चिप्सची पाकिटं आणि रंगीत शीतपेयं असतील. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी वेगवेगळी विकून बंदीला सर्रास बगल दिली जाते. गिऱ्हाईकाने दोन्ही एकत्र केल्या की झालं.

वर बसलेल्यांचा दुटप्पीपणा तर याहून मोठा आहे. सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग कॅन्सरच्या चित्राने आणि इशाऱ्याने झाकण्याची सक्ती सरकारच करतं आणि तंबाखूची शेती व निर्यात सांभाळायला १९७६ पासून टोबॅको बोर्डही सरकारच चालवतं. सरकारी मालकीची एलआयसी देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या बड्या भागधारकांपैकी एक आहे. जुलै २०२५ मध्ये तेल-साखरेच्या फलकांची चर्चा झाली आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम आणि नमकीनवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला. शीतपेयांवर ४० टक्के कर राहिला, एवढाच काय तो अपवाद.

आता सांगा, आईने काय करायचं? ‘घरात तेल कमी वापरा’, ‘मुलांना पौष्टिक डबा द्या’ या सगळ्या उपदेशांचा रोख स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईकडेच असतो. ती सकाळी साडेपाचला उठून मेथीचे पराठे करते आणि डबा तसाच परत येतो, कारण वर्गातल्या बाकीच्यांनी मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं पाकीट फोडलेलं असतं. पाच रुपयांत बिस्किटाचा पुडा मिळतो, सफरचंदाची एक फोडही मिळत नाही. मग मुलाचं वजन वाढलं की डॉक्टरपासून सासूपर्यंत सगळे तिलाच विचारतात, ‘तू त्याला खायला काय देतेस?’

पाकिटावर मोठ्या अक्षरांत इशारा असता तर तिचं काम थोडं सोपं झालं असतं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ मध्ये हे करून दाखवलं. तिथे साखर, मीठ किंवा चरबी जास्त असेल तर पाकिटावर समोरच काळा अष्टकोन छापावा लागतो. असे पदार्थ शाळेत विकता येत नाहीत आणि खेळण्याचं आमिष दाखवून मुलांच्या गळ्यातही मारता येत नाहीत. आपल्याकडे २०२२ मध्ये इशाऱ्याऐवजी पाकिटांना तारे देण्याचा मसुदा आला. ज्या गोष्टीपासून सावध करायचं तिलाही निदान अर्धा तारा मिळणारच! कंपन्यांना दुखवायचं नाही म्हटलं की असंच होतं.

म्हणून सार्वजनिक संस्थांनी बंधनं घालावीत, पण आधी स्वत:वर. हॉस्पिटलने आपल्या कँटीनकडे बघावं. हृदयाच्या पेशंटजवळ रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला अकरा वाजता थंड वडा आणि शीतपेयाशिवाय काही मिळत नसेल, तर वरच्या मजल्यावर आहाराचा सल्ला देणं ढोंग आहे. शाळेने ठेकेदाराच्या करारात इडली, उसळ, केळं, ताक हे स्वस्त दरात देण्याची अट घालावी. ऑफिसने समोशावर बंदी घालू नये, त्याच्या शेजारी तितक्याच पैशांत फळांची वाटी ठेवावी. समोर पर्याय नसताना लावलेली पाटी म्हणजे नुसता उपदेश आणि उपदेशाने आजवर कुणाचं पोट भरलेलं नाही.

वाचकांच्या हातातही काही गोष्टी आहेत. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर कँटीनचं मेन्यूकार्ड मागा. वाढदिवसाला वर्गात चिप्स वाटण्याची पद्धत बंद करायची का, हे इतर आयांशी बोलून ठरवा. फाटकासमोरच्या तंबाखूच्या टपरीबद्दल एकटीने भांडू नका, दहा जणींच्या सह्या करून मुख्याध्यापकांकडे आणि पालिकेकडे लेखी तक्रार द्या. गाडीवरच्या गरीब विक्रेत्याला हाकलणं हा त्याचा हेतू नाही. त्याने तंबाखूऐवजी उकडलेले शेंगदाणे आणि मक्याची कणसं विकली तर त्याचंही घर चालेल.

बसमधला धूर बंद झाला कारण आपल्याला त्रास होतो, हे लोकांनी उघडपणे म्हटलं आणि कायदा त्यांच्यामागे उभा राहिला. शाळेच्या फाटकावरचा कायदा तर आधीच तयार आहे. आता त्याच्यामागे आईबाबांनी उभं राहायचं आहे.