खेळून झालेली बाहुली

बाहुल्या जमवणाऱ्या मंडळींत सगळ्यात जास्त मान कुणाला असेल, तर खोकं न उघडलेल्या बाहुलीला. कंपनीतून निघाली तशीच, केसाची एक बट इकडची तिकडे नाही. खोकं उघडलं की तिची किंमत उतरते. बूट हरवला की आणखी उतरते. आणि कुणा पोरीने कात्री घेऊन तिचे केस कापले असतील, तर ती भंगारातच गेली म्हणायची. माझं मत याच्या अगदी उलट आहे, निदान काळ्या बाहुल्यांच्या बाबतीत तरी! म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

लेकीकडे न्यू जर्सीला जाणं-येणं सुरू झाल्यापासून मला तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांचा नाद लागला. गुडविल, साल्व्हेशन आर्मी ही त्यातली मोठी नावं. लोक घरातलं नको असलेलं सामान तिथे आणून देतात, ते स्वस्तात विकलं जातं आणि पैसे संस्थेच्या कामाला जातात. शिवाय उन्हाळ्यात घरोघरी गराज सेल. पुण्याच्या जुन्या बाजारात रमणाऱ्या माणसाला तिथे अगदी घरच्यासारखं वाटेल. खेळण्यांच्या फळीवर पारदर्शक पिशव्यांत चार-पाच बाहुल्या एकत्र कोंबलेल्या असतात. त्यात सोनेरी केसांच्या गोऱ्या बाहुल्या ढीगभर. काळी एखादीच, तीही तळाशी. मी ती शोधते.

ती तळाशी का, आणि एखादीच का, याला इतिहास आहे. बार्बी बाजारात आली १९५९ साली. १९६७ मध्ये मॅटेल कंपनीने तिच्या फ्रॅन्सी नावाच्या चुलत बहिणीची काळी आवृत्ती काढली. साचा गोऱ्या फ्रॅन्सीचाच, फक्त प्लास्टिक गडद. खोक्यावर नाव 'कलर्ड फ्रॅन्सी'. ती फारशी खपली नाही, आणि म्हणूनच आज जमवणारे तिच्यासाठी भरपूर पैसे मोजतात. १९६८ मध्ये आली ख्रिस्टी, बार्बीची मैत्रीण. १९६९ मध्ये आली ज्युलिया. डायहॅन कॅरल या अभिनेत्रीने त्याच नावाच्या टीव्ही मालिकेत नर्सचं काम केलं होतं, तिच्यावरून ही बाहुली केलेली. पण जिचं नावच 'बार्बी' अशी काळी बाहुली यायला १९८० साल उजाडावं लागलं. किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय डिझायनरने ती घडवली. लाल पोशाख, आखूड कुरळे केस. म्हणजे बघा, एकवीस वर्षं काळ्या बाहुलीला बार्बीची बहीण होता आलं, मैत्रीण होता आलं, फक्त बार्बी होता आलं नाही!

बाहुल्यांचा एवढा बाऊ कशाला, असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पती-पत्नीचं काम सांगते. १९४०च्या सुमारास त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फरक फक्त रंगाचा. यातली चांगली कुठली, तुला खेळायला कुठली हवी, असे साधे प्रश्न. बहुतेक मुलांनी गोरी उचलली. आणि तुझ्यासारखी कुठली, असं विचारल्यावर काही मुलं रडली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. आयुष्य शाळेत काढलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आता माझा मुद्दा. खोक्यातली बाहुली आपल्याला एवढंच सांगते, की कंपनीला काय विकायचं होतं. खेळून झालेली बाहुली सांगते, की एका मुलीने तिला आपलं मानलं. तिच्या टाचेवर दातांच्या खुणा असतात. नखांवर घरातलंच नेलपॉलिश लावलेलं असतं. केसांच्या बारीक बारीक वेण्या कुणा लहान बोटांनी घातलेल्या असतात, वाकड्यातिकड्या. ती मुलगी काळी होती की गोरी, हे बाहुलीवरून कळत नाही. पण एका पोरीने ही काळी बाहुली उचलली, जवळ घेतली, तिचे केस विंचरले, एवढं नक्की कळतं. क्लार्क यांच्या त्या टेबलावर जे घडलं नव्हतं, ते कुठल्या तरी घरात घडलं, त्याचा हा पुरावा. तो खोक्यातल्या बाहुलीकडे कुठून असणार?

म्हणून या बाहुल्यांची 'डागडुजी' करताना हात आखडता घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. धूळ, चिकटपणा जरूर काढा. जुनं मऊ प्लास्टिक कालांतराने चिकट होतं, कारण ते मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं. साबणाच्या कोमट पाण्याने पुसावं, नीट कोरडं करावं आणि बाहुली बंद पिशवीत न ठेवता हवेशीर, उन्हापासून दूर ठेवावी. जुन्या ख्रिस्टी आणि ज्युलियाचे काळे-तपकिरी केस वर्षांनुवर्षांनी तांबूस होतात. तो वयाचा रंग आहे, राहू द्यावा. पण बरेच जण काय करतात, तर गुंता सुटावा म्हणून कुरळे केस उकळत्या पाण्यात बुडवून सरळ करतात. नाही तर ते उपटून नवे सुळसुळीत केस बसवतात. ज्या बाहुलीला स्वतःचे कुरळे केस मिळायला इतकी वर्षं लागली, तिचे केस आपण सरळ करायचे, ही दुरुस्ती म्हणायची की काय?

कारण हे काही आपोआप मिळालेलं नाही. १९६५च्या वॉट्समधल्या दंगलीनंतर लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत उभ्या राहिलेल्या संस्थेने १९६८ मध्ये 'शिंडाना' ही खेळण्यांची कंपनी काढली. गोऱ्या बाहुलीला रंग फासायचा नाही, तर नाक, ओठ, केस सगळं आपल्या माणसांसारखं घडवायचं, हा तिचा बाणा. तिला सुरुवातीला मदत केली होती मॅटेलनेच! तिची वांडा नावाची फॅशनची बाहुली नर्स होती, हवाई सुंदरी होती. १९८३ मध्ये ही कंपनी बंद पडली. १९९१ मध्ये मॅटेलने शानी, आशा आणि निशेल या तिघी काढल्या, तिघींच्या सावळेपणाच्या छटा वेगवेगळ्या. (आशा हे नाव वाचून मी दोन मिनिटं थांबलेच होते!) हे सगळं जुन्या पिशव्यांमध्ये तळाशी पडलेलं आहे. आपण शोधलं तर हाती लागतं, नाही तर कचऱ्यात जातं.

आता आक्षेप. पहिला माझ्या लेकीचाच: "आई, त्या काडीसारख्या कंबरेच्या बाहुल्या कसल्या जमवतेस?" खरं आहे तिचं. बार्बीची कंबर काळी झाली म्हणून माणसाची होत नाही. पण सदोष वस्तूतही इतिहास असतो, आणि तो जपायला ती वस्तू आवडलीच पाहिजे असं नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. या कहाणीशी तुमचा काय संबंध, मराठी आजीबाई? याचं उत्तर मी असं देते. कहाणी त्यांचीच आहे, त्यामुळे दुर्मिळ बाहुली हाती आलीच तर ती त्यांच्या घरी किंवा त्यांच्या संग्रहालयात जावी. मी साध्यासुध्याच घेते. पण रंगाची गोष्ट आपल्याला परकी नाही हो. "नाकीडोळी नीटस आहे, पण रंग जरा..." हे अर्धवट सोडलेलं वाक्य आपल्या प्रत्येक घरात बोललं गेलं आहे. 'फेअर अँड लव्हली'मधलं 'फेअर' २०२० साली गेलं, पण ते वाक्य गेलं नाही. माझी नात सावळी आहे. आपल्याकडच्या लग्नकार्यात तिच्यासमोर ते बोललं गेलेलं मी ऐकलं आहे. तिच्या खोलीतल्या फळीवर सोनेरी केसांच्या बाहुल्यांशेजारी कापलेल्या केसांची एक ख्रिस्टी बसलेली असावी, असं मला वाटतं. ती दोन डॉलरला मिळते आणि भाषण देत नाही.

एक शेवटची विनंती. गराज सेलमध्ये अशी बाहुली घेतलीत, तर विकणाऱ्या बाईंना तिचं नाव विचारा. कंपनीचं नव्हे, त्यांच्या मुलीने ठेवलेलं. ती खेळात कोण व्हायची, डॉक्टर की मास्तरीण, तेही विचारा. लोक हसतात, पण आठवून सांगतात. मग ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने तिच्या पायाला बांधा. बाहुलीच्या पाठीवर १९६६ असा आकडा छापलेला दिसला तर हुरळून जाऊ नका, तो अंगाच्या साच्याचा आहे. त्याच साच्यातल्या बाहुल्या पुढे कित्येक वर्षं निघत होत्या. तिचं खरं साल आणि खरं नाव त्या घरातच कळतं. घर हललं, माणसं पांगली, की ते गेलं.

असो. तुमच्या घरी माळ्यावर एखादी सावळी बाहुली असेल तर खाली काढा, आणि तिचं नाव काय होतं ते मलाही कळवा.