ड्यूकने प्रेम केलेच नाही

रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीची ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) ही कविता आमच्या वाचकांपैकी ज्यांनी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेतले, त्यांना स्मरत असेल. फेराराचा ड्यूक दिवंगत पत्नीचे चित्र एका पाहुण्याला दाखवीत आहे. बोलतो तो एकटाच, पाहुणा ऐकतो. या काव्यप्रकारास नाट्यात्म एकभाषित म्हणतात. ड्यूकचे पत्नीवर अतिरेकी प्रेम होते, त्या प्रेमापायी तो मत्सरी झाला, असे स्पष्टीकरण आम्ही वारंवार ऐकले आहे. आमचा आक्षेप या स्पष्टीकरणालाच आहे.

ड्यूकची तक्रार तरी कोणती? पत्नी व्यभिचारिणी होती, असे तो म्हणत नाही. ती सहज आनंदित होई, एवढाच तिचा अपराध. मावळता सूर्य, चेरीची डहाळी, पांढरे खेचर आणि पतीने दिलेला अलंकार, सर्वांना तिचे स्मित सारखेच. नऊशे वर्षांच्या घराण्याचे नाव तिला दिले, त्याचे वेगळे मोल तिने जाणले नाही. तिला समजावणे म्हणजे आपण खाली उतरणे. तेव्हा समजावलेही नाही. हुकूम सुटले आणि हास्य थांबले. पत्नीशी दोन शब्द बोलणेही ज्याला कमीपणाचे वाटते, त्याच्या भावनेला अतिरेकी प्रेम म्हणावयाचे? त्याला हवी होती मालकी, आणि ती आता त्याला मिळाली आहे. चित्रावरचा पडदा त्याच्यावाचून कुणी सरकवीत नाही.

ते हुकूम कसले होते, असे ब्राउनिंगला उतारवयात विचारण्यात आले. ठार मारण्याचे, असे तो म्हणाला. मग किंचित थांबून, किंवा तिला मठात कोंडलेही असेल, अशी पुस्ती त्याने जोडली. मठ म्हणजे नकोशा स्त्रियांची कोठडी, हे आम्हां धर्मगुरूंना टोचते. परंतु तसे घडत होते, म्हणूनच ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली स्त्रियांना बळाने मठात घालणाऱ्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा फर्मावली.

रॉबर्ट लँगबॉम हे अमेरिकन समीक्षक १९५७ च्या ग्रंथात म्हणतात की, ड्यूकच्या दिमाखापुढे वाचक आपला नैतिक निवाडा बाजूस ठेवतो. वाचकाचे हे वर्णन खरे आहे. परंतु तेथेच थांबणे आम्हांस मान्य नाही, कारण हा मोह कवीने लावलेला सापळा आहे. पाहुणा कोण, हे अखेरीस कळते: ड्यूकच्या दुसऱ्या विवाहाची बोलणी करण्यास आलेला दूत. हुंड्याचा विषय निघतो. मग समुद्रअश्वाला वठणीवर आणणाऱ्या समुद्रदेवाचा ब्राँझचा पुतळा कौतुकाने दाखविला जातो. दूताचा एकही शब्द आपल्या कानी येत नाही. दुसरी मुलगी या घरात यावयाची आहे आणि तिच्या पित्याला सावध करील, असा तोच एकटा तेथे उभा आहे. त्याच्या शेजारी कवीने आपल्याला उभे केले आहे. तेथे उभे राहून निवाडा बाजूस ठेवणारा त्या दूताहून वेगळा कसा?

‘पोर्फिरियाज लव्हर’ (१८३६) मध्ये तर ती सर्वस्वी आपली झाली, असे वाटताच प्रियकर तिच्याच केसांनी तिचा गळा आवळतो आणि देवाने अजून काही म्हटले नाही, हे जणू स्वतःच्या निर्दोषत्वाचा दाखला म्हणून सांगतो. त्याला वेडा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पुढे कवीनेच ती कविता वेड्यांच्या कोठड्यांच्या शीर्षकाखाली छापली. ड्यूकला मात्र कुणी वेडा म्हणत नाही. त्याला स्थळे येतात.

ब्राउनिंगच्या पत्नीचे, कवयित्री एलिझाबेथ बॅरेटचे, वडील आपल्या एकाही अपत्याला लग्न करू देत नसत. १८४६ मध्ये या दोघांनी गुपचूप विवाह केला. तिने पाठविलेली पत्रे वडिलांनी न उघडताच परत केली. त्यांचेही म्हणे मुलांवर फार प्रेम होते.