थंड देशातलं घर आणि खिडकीचा डोस

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या पेशंट काकूंचा कॅनडातल्या एडमंटनहून व्हिडिओ कॉल आला. मुलीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री तीनला टक्क जाग येते, दिवसभर पेंगते. जेवण जात नाही. नातवाला मांडीवर घेतलं तरी उगाच रडू येतं."

बीपी, शुगर, थायरॉईड सगळं विचारून झालं. जाऊन दोन महिने झालेले, म्हणजे जेट लॅगही नाही. शेवटी म्हटलं, "काकू, फोन फिरवून जरा खोली दाखवा." भाड्याचं बेसमेंट होतं. छताला लागून एकच आडवी खिडकी आणि तिच्या बाहेर बर्फ साचलेला. भर दुपारी ट्यूब लागलेली. मागून जावई कौतुकाने सांगत होता, "घर एकदम एनर्जी एफिशियंट आहे डॉक्टर, हीटिंगचं बिल फारच कमी येतं."

बिल कमी येत होतं यात शंका नाही. पण त्या घराने वाचवलेली उष्णता काकूंच्या झोपेतून वसूल होत होती, असं माझं मत आहे.

आपल्या डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम पाहणं हे नसतंच. मेलॅनॉप्सिन नावाच्या रंगद्रव्याच्या साहाय्याने त्या प्रकाश मोजतात आणि मेंदूतल्या घड्याळाला "दिवस उजाडला" असा निरोप देतात. त्या प्रकाशाला प्रतिसाद देतात हे शास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवलं. निरोप जोरकस असेल तर रात्री मेलाटोनिन वेळेवर वाढतं आणि झोप लागते. निरोपच पुसट असेल तर घड्याळ भरकटतं. घरातल्या दिव्यांचा प्रकाश साधारण 100 ते 300 लक्स असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स असतात. आपल्या डोळ्यांना खोली उजळलेली वाटते, पण मेंदूच्या घड्याळासाठी ती संध्याकाळच असते.

हिवाळ्यात दरवर्षी येणाऱ्या उदासीचं, म्हणजे सीझनल डिप्रेशनचं, वर्णन डॉ. नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केलं. त्यावर आजही 10,000 लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसवतात. योगायोग म्हणजे एडमंटनमध्येच 1996 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र डिप्रेशनचे जे रुग्ण हॉस्पिटलच्या उन्हाच्या खोल्यांत होते ते सरासरी 16.9 दिवसांत घरी गेले, अंधाऱ्या खोल्यांतले 19.5 दिवसांत. एका अभ्यासावरून छातीठोकपणे काही बोलू नये, पण खोलीची दिशा हा उपचाराचा भाग असू शकतो, हे आपण डॉक्टर मंडळी फार लवकर विसरलो.

पूर्वी विसरलो नव्हतो. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा फिनलंडमध्ये आल्वार आल्टो यांनी पायमिओचं सॅनेटोरियम बांधलं, 1933 साली ते सुरू झालं. रुग्णांच्या खोल्या दक्षिणेकडच्या उन्हाला सामोऱ्या होत्या. दिवसेंदिवस आडवं पडून राहणाऱ्या माणसाला काय दिसेल याचा विचार करून छताचा रंग आणि दिव्याची जागा ठरवली होती. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि ऊन मागे पडलं.

आता इंजिनीयरची अडचणही समजून घेऊ, ती खरी आहे. उत्तम तीन काचांची खिडकीसुद्धा चांगल्या जाड भिंतीच्या कितीतरी पट उष्णता बाहेर सोडते. म्हणून हिशेब करणारा माणूस खिडकी लहान करतो. पण हा हिशेब अर्धवट आहे, कारण खिडकी कुठल्या दिशेला आहे हे त्यात येतच नाही. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य एडमंटनमध्ये क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर असतो, पुण्यात तो 48 अंशांवर असतो. एवढं खालचं ऊन दक्षिणेच्या खिडकीतून थेट खोलीच्या मागच्या भिंतीपर्यंत जातं. उजेडही देतं आणि ऊबही. उन्हाळ्यात तोच सूर्य उंच जातो, तेव्हा खिडकीवरची पुढे आलेली पडवी त्याला अडवते. उत्तरेची खिडकी हिवाळ्यात ऊब देत नाही, ती लहान ठेवा, माझी हरकत नाही.

इथे एक नाजूक विषय. परदेशात घर घेणारी आपली मंडळी दक्षिणाभिमुख म्हटलं की नाक मुरडतात, वास्तूत बसत नाही म्हणून. श्रद्धेवर मी बोलणार नाही. पण एडमंटनचा डिसेंबरातला सूर्य आग्नेयेला उगवतो, नैर्ऋत्येला मावळतो आणि मधला सगळा वेळ दक्षिणेत असतो. पूर्वेच्या खिडकीला मिळते ती तिरकी तिरीप. तिथे दक्षिण नाकारणं म्हणजे ऊनच नाकारणं.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत असंही समजू नका. लडाखमध्ये फेय गावाजवळ सेकमॉलची शाळा मातीच्या भिंतींची आहे. दक्षिणेला मोठ्या काचा, हिवाळ्यात पुढे प्लास्टिकचं काचघर. दिवसा जाड माती ऊन पिते, रात्री हळूहळू सोडते. बाहेर पारा शून्याच्या खूप खाली असताना मुलं शेकोटीच्या धुराशिवाय उजेडात अभ्यास करतात. फुप्फुसांचे रुग्ण रोज पाहणाऱ्या माणसाला तो "धुराशिवाय" हा शब्द किती मोलाचा वाटतो, ते तुम्हाला कळेल.

एक गैरसमज मात्र दूर करतो, कारण काकूंनीही विचारलं होतं. काचेमागे बसून व्हिटॅमिन डी मिळत नाही. ते तयार करणारे यूव्हीबी किरण काच अडवते. आणि एडमंटनच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च बाहेर उभं राहिलात तरी ते पुरेसे नसतात. त्यामुळे व्हिटॅमिन डी गोळीतून, डॉक्टरांना विचारून. खिडकी झोपेसाठी आणि मनासाठी.

आणि नुसती मोठी काच लावून भागत नाही. खालून येणारं ऊन थेट डोळ्यात गेलं की माणसं पडदे ओढतात आणि मग दिवसभर ते ओढलेलेच राहतात. असे बंद पडदे मी फोटोंत किती पाहिले! त्यापेक्षा खिडकीचा वरचा भाग उंच हवा, म्हणजे उजेड खोलवर जातो. भिंती पांढऱ्या हव्यात आणि बसायची जागा उन्हाच्या कडेला.

काकूंचं घर लगेच बदलणं शक्य नव्हतं. मी सांगितलं, जावयाने खिडकीबाहेरचा बर्फ रोज उपसायचा आणि काकूंनी सकाळी उजाडल्यावर गुंडाळून बाहेर अर्धा तास चालायचं. रस्ता निसरडा असेल तर लायब्ररीच्या दक्षिणेच्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसायचं. दोन आठवड्यांत रडू थांबलं नाही तर तिथल्या डॉक्टरांना दाखवायचं, हेही बजावलं. तशी वेळ आली नाही. झोप तिसऱ्या आठवड्यात सुधारली, ताजा बर्फ पडला की उजेड दुप्पट वाटतो हे त्यांनीच मला सांगितलं.

आता लेक-जावई नवीन घर शोधताहेत. मागच्या रविवारी काकूंनी मला तीन घरांचे नकाशे पाठवले, प्रत्येकावर लाल पेनाने दक्षिण दाखवून.