तेजोमेघ पाहण्याची कांच

आकाशदर्शनाची गोडी लागलेल्या मुलांकडून हल्लीं पालकांस एक नवीच मागणी ऐकावी लागते. घरीं तीन-चार इंची दुर्बीण आली, शनीचें कडें आणि गुरूचे चंद्र पाहून झाले, कीं तेजोमेघ नीट दिसावेत म्हणून फिल्टर हवा असतो. मागणी वावगी नाहीं. परंतु पाऊस चुकला कीं ज्या बीड जिल्ह्यांत घरोघरीं खर्चाची ओढाताण होते, तेथें चार प्रकारच्या कांचा घेण्याची चैन कोणास परवडणार? माझें मत असें कीं, घ्यावयाची तर एकच घ्यावी, आणि तीहि आधीं भोंवतालचे दिवे मालवून पाहिल्यावर.

फिल्टर प्रकाश वाढवीत नाहीं, तो प्रकाश अडवितो, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. तारे सर्व रंगांचा प्रकाश देतात. परंतु मृगांतील तेजोमेघासारखे वायूचे मेघ मोजक्या रंगरेषांनींच उजळतात. त्यांतील मुख्य हिरवी रेषा विल्यम हगिन्स यांस १८६४ सालीं प्रथम दिसली. ती अतिविरल प्राणवायूची, हें कोडें मात्र १९२७ सालीं आयरा बोवेन यांनीं सोडविलें. मधल्या काळांत आपल्या पुण्यासहि या शोधांत वांटा मिळाला. तेथील तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं १८९१ सालीं मृगांतील तेजोमेघाची हीच रेषा अभ्यासून ती रेखीव असल्याचें दाखविलें.

ही रेषा सुमारें ५०१ नॅनोमीटरची. तिच्या शेजारची प्राणवायूची दुसरी ४९६ वर व हायड्रोजनची ४८६ वर असते. या तिन्ही रेषा सोडून इतर बहुतेक प्रकाश अडविणारी 'यू. एच. सी.' प्रकारची कांच लहान दुर्बिणीस योग्य. केवळ प्राणवायूच्या रेषा सोडणारी 'ओ-तीन' कांच लहान दुर्बिणींत दृश्य फार अंधुक करिते. 'हायड्रोजन-बीटा' तर दोन-चार मेघांपुरतीच. देवयानी दीर्घिका किंवा कृत्तिका यांस कोणतीहि कांच उपकारक नाहीं, कारण त्यांचा प्रकाश ताऱ्यांचाच. आणि यांपैकीं कोणत्याहि कांचेंतून सूर्याकडे कदापि पाहूं नये. डोळा कायमचा जाईल.

जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड या कांचा सहज अडवीत. आतां जागोजाग लागलेल्या पांढऱ्या दिव्यांत सर्वच रंग असतात, त्यामुळें थोडा उजेड कांचेंतून येतोच. म्हणून शाळेनें एक कांच विकत घेऊन मुलांस पाळीपाळीनें द्यावी, व आकाशदर्शनाच्या रात्रीं मैदानावरील दिवा बंद ठेवावा. या दुसऱ्या सूचनेस पैसा लागत नाहीं, तरी तिलाच अधिक विरोध होईल असा माझा अंदाज आहे!

पाटोदा-आष्टीकडील बालाघाटाच्या माळांवर ज्यांचीं गांवें आहेत, त्यांनीं तर स्वतःस भाग्यवान समजावें. आपण सुमारें १९ अंश अक्षांशावर असल्यानें धनु राशींतील मोठा तेजोमेघ येथें ४७ अंश उंच चढतो. लंडनला तो जेमतेम १४ अंश चढतो.

नाताळच्या सुटींत, चंद्र नसलेल्या रात्रीं, नऊच्या सुमारास मृग चांगला वर आलेला असतो. वीस मिनिटें अंधारांत बसावें, सर्वांत कमी वर्धनाचें नेत्रभिंग लावावें, आणि तोच मेघ प्रथम कांचेवांचून व मग कांच लावून पाहावा. छायाचित्रांतील तांबडा रंग दिसणार नाहीं; करडा-हिरवट पंख दिसेल, आणि कांच लावतांच त्याच्या कडा किती दूरवर पसरल्या तें वहींत रेखाटून ठेवावें.