तिथी बघून निघा

परवा रविवारी साडेअकराच्या सुमारास ठाणे खाडीकाठच्या भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर पक्षी बघायला आलेला एक मोठा गट भेटला. गळ्यात दुर्बिणी, खांद्यावर हातहातभर लांबीच्या लेन्स. ‘काहीच नाही हो आज, फुकट खेप झाली,’ म्हणत मंडळी गाड्यांत बसली आणि निघून गेली. मला फार संताप आला.

त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. पुनवेला आणि अवसेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते. कोळीवाड्यातलं कुठलंही पोर हे सांगेल. खाडी तुडुंब भरलेली, चिखल पाण्याखाली, आणि रोहितांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, सगळं खाणं त्या चिखलात. मग रोहित समोर येऊन उभे राहणार कसे?

ठाणे खाडीला २०१५ साली रोहित अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. तेव्हापासून गर्दी वाढली, याचा मला आनंदच आहे. पण बहुतेकांना फक्त गुलाबी रंग हवा असतो. चिखल बुडाल्यावर एवढे पक्षी जातात कुठे, हे त्या गटात कुणीच विचारलं नाही.

ते मिठागरांत जातात. थोडं चालून गेलं की बांधावर शेकाट्यांची रांग दिसते. लालचुटूक काटकुळे पाय, त्यातला एक पोटाशी दुमडलेला, चोच पाठीच्या पिसांत, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. त्यांच्या पायांशी टिलवे इतके दाटीने बसलेले की आधी ढेकळंच वाटतात. जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा हा पक्षी उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून इथवर येतो. तेवढ्यात दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून तरंगत गेला आणि सगळा थवा एकदम उठला, वळताना पांढरा चमकला, पुन्हा त्याच बांधावर उतरला. ओहोटी लागेपर्यंत त्यांना दुसरी जागाच नाही.

आणि नेमकी हीच जागा आपल्याला रिकामी दिसते. कांजूर, भांडुप आणि मुलुंडची मिळून सुमारे २५५ एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ साली झाला. धारावीतल्या माणसाला धड घर मिळायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते इथेच का? पावसाळ्यात उधाण आणि मुसळधार एकत्र आले की पाणी धरून ठेवणारी उपनगरांतली ही सखल जमीन. तिथे भराव पडला तर ते पाणी वस्तीत शिरेल. अभयारण्याची हद्द नकाशावर शाबूत राहील, पण भरतीच्या वेळी पक्ष्यांनी टेकायचं कुठे? खाडी राखायची आणि मिठागरं बुजवायची, या दोन्ही गोष्टी एकत्र होत नाहीत.

म्हणून वाचकहो, पुढच्या खेपेला निघण्याआधी तिथी बघा. अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी असते, तेव्हा चिखल उघडा मिळेल. आणि पोचलात भरतीलाच, तर माघारी फिरू नका. दुर्बीण मिठागराच्या बांधाकडे वळवा, कोण कोण उभं आहे ते मोजा आणि ती नोंद तारीख-वेळेसह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. जागा रिकामी नाही हे दाखवायला आपल्या हातात त्या नोंदीच आहेत.