ट्रॉलीला कुलूप आणि कागद दोन्ही हवेत

दुकान बंद करताना आपण शटरला दोन कुलपे लावतो आणि ओढून पाहतो. पण ज्या ट्रॉलीवर रोजचा माल जातो, ती रस्त्याच्या कडेला तशीच सोडतो. तिला इंजिन नाही, चावी नाही, मग नेणार कोण, असा आपला हिशेब असतो. माझाही होता, आणि तो मला महागात पडला.

पुंडलिकनगरात माझे लहानसे गोदाम आहे. छावणीचा गुरुवारचा आणि जाफरगेटचा रविवारचा बाजार करायचा, तर कापडाचे गठ्ठे नेण्यासाठी जीपमागे जोडायची दोनचाकी ट्रॉली लागते. गल्ली अरुंद, आवार नाही, त्यामुळे ट्रॉली रात्री बाहेरच राही. एका सकाळी जागा रिकामी दिसली. शेजाऱ्यांनी रात्री गाडीचा आवाज ऐकला होता, पण त्यांना वाटले, मीच बाजाराला निघालो.

इंजिन नसणे हीच ट्रॉलीची कमजोरी आहे. चोराने आपली गाडी मागे घ्यायची, दांडी हुकात अडकवायची, पिन टाकायची, की काम झाले. म्हणून दांडीच्या तोंडाला कुलूप लावावे, म्हणजे दुसऱ्याचा हुक बसणार नाही. चाकाच्या रिममधून जाड साखळी घेऊन ती सांगाड्याला व खांबाला बांधावी. दांडी भिंतीकडे करून ट्रॉली लावावी. बरेच दिवस काम नसेल तर एक चाक काढून घरात ठेवावे. शेजाऱ्यांना सांगून ठेवावे की रात्री ट्रॉली हलली तर हाक मारा.

पण कुलूप चोराला फक्त उशीर लावते. मी तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, कागद कुठे आहेत? ट्रॉली वेल्डरकडून बनवून घेतलेली. पासिंग नाही, चेसिस नंबर नाही, फोटोसुद्धा नाही. लाल रंगाची आहे, एवढेच मी सांगू शकलो. लाल ट्रॉल्या शहरात किती असतील!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच धरले आहे, म्हणून त्याची नोंदणी करावी लागते. विम्याचेही तसेच. जीपच्या विम्यात ट्रॉली आपोआप येत नाही, तिची वेगळी नोंद करून वेगळा हप्ता भरावा लागतो. चेसिस नंबर लिहून ठेवावा, चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि सांगाड्यावर आतल्या बाजूला वेल्डिंगने आपली खूण करावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये मालवाहतुकीच्या साधनाच्या चोरीला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. चोरी कोणत्याही हद्दीत झालेली असो, पोलीस ठाण्यात तक्रार देता येते आणि तिची प्रत मोफत मिळते. हे हक्क आपण वापरले पाहिजेत.

आता एक कडू गोष्ट. चोर काही ट्रॉली घेऊन कापड विकत नाही. तो ती कोणाला तरी विकतो, आणि घेणारा आपल्यासारखाच व्यापारी, कारागीर, शेतकरी किंवा भंगारवाला असतो. माझी ट्रॉली गेल्यावर महिनाभरात मला निम्म्या भावात एक ट्रॉली दाखवली गेली. कागद मागितले तर विकणारा हसला. खरे सांगतो, गरज होती आणि मनही डळमळले. पण चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाही कलम ३१७ प्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी अशा मालात बरकत ती काय?

घेणारा आहे तोवर चोर राहणारच. म्हणून व्यापारी बंधूंनो, आपल्या ट्रॉलीचे कागद करा, आणि बिनकागदाची ट्रॉली कोणी दाखवली तर तिचा भावसुद्धा विचारू नका.