मोखाड्यात बल्ब लावण्याआधी

एनएसएसच्या मागच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. यंदाच्या शिबिरात जव्हार-मोखाड्यातला एखादा पाडा घ्यायचा, समाजमंदिरात लोखंडी रॅक उभे करायचे, त्यावर ओळीने एलईडी बल्ब लावायचे आणि भर पावसाळ्यात आतल्या आत भाजी पिकवायची. कुपोषणावर उपाय! टाळ्या पडल्या. मी मोखाड्याचा, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी गप्प बसलो, कारण हातात आकडे नव्हते. आता आहेत.

रूमवर मी असा एक रॅक करून पाहिला. ४ बाय २ फुटांची फळी, तिच्यावर ९ वॅटचे १० पांढरे बल्ब, प्लायला ठोकलेले होल्डर, एक टायमर. सगळं मिळून सोळाशे रुपये. (पहिल्या दिवशी रूम पार्टनरने दोन बल्ब सिरीजमध्ये जोडले आणि "लुकलुकतायत, भारी दिसतंय" म्हणाला. तो मेकॅनिकलचा आहे, माफ करा.) इतक्या स्वस्तात हे होतं याचं श्रेय बाजाराला आहे. २०१४ साली सरकारी खरेदीत एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडत होता, उजाला योजना सुरू झाली आणि २०१६ पर्यंत तो ३८ रुपयांवर आला. जांभळ्या उजेडाचे महागडे ग्रो लाइट घ्यायची गरजही नाही. पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप आणि वर फॉस्फर असतं, त्यामुळे रोपाला लागणारा निळा आणि लाल, दोन्ही त्यात येतात. बल्ब रोपापासून वीतभर उंचीवर हवेत, बाजूंना पांढरा कागद हवा. एक सूचना मात्र गंभीरपणे देतो. जास्त उजेडासाठी बल्बची पांढरी टोपी काढा असं कोणी सांगेल, ते करू नका. स्वस्त बल्बच्या आतला एलईडीचा पत्रा थेट मेन्सशी जोडलेला असू शकतो, आणि खाली आपण पाणी शिंपडतो.

तर या रॅकवर मेथी लावली. रोज १४ तास उजेड. हिशोब तुम्हीच करा: ९० वॅट गुणिले १४ तास, म्हणजे दिवसाला १.२६ युनिट, महिन्याला ३८. युनिटला आठ रुपये धरले तर तीनशे रुपये. महिन्याने मेथी निघाली ती साडेनऊशे ग्रॅम. मेसच्या काकांनी भाजी करून दिली, चव छान होती, पण तीनशे रुपयांची मेथी आमच्या पाड्यावर कोण खाणार? आणि कुपोषणाचं म्हणाल तर ज्या पोराचं वजन भरत नाही त्याला डाळ, अंडं, तेल हवं. १९९२ साली वावर-वांगणीची पोरं दगावली, ती मेथी नव्हती म्हणून नाही.

बैठकीत कोणीतरी सोलापूर-सांगलीकडच्या ड्रॅगन फ्रूटच्या बागांचं उदाहरण दिलं. तिथे रात्री शेतभर बल्ब लागतात हे खरं. शेवंतीवाले तर त्याच्या कितीतरी आधीपासून लावतात. पण तिथला बल्ब झाडाला जेवण देत नाही, फक्त दिवस मोठा असल्याचं भासवतो. ड्रॅगन फ्रूटला त्यामुळे अवेळी कळ्या येतात, शेवंतीच्या उलट लांबतात. जेवण झाडाला दिवसा उन्हातून मिळालेलंच असतं. अंधाऱ्या खोलीत सगळं जेवण बल्बनेच द्यायचं, तो हिशोब वेगळा.

आता मुख्य गोष्ट. जुलैत घरी गेलो तेव्हा लॅबमधला लक्समीटर मागून घेतला होता. आमच्या कुडाच्या घरात भर दुपारी ३० लक्स. रूमवरच्या माझ्या रॅकखाली साधारण १० हजार. मग मीटर घेऊन ओसरीबाहेर गेलो. डोंगर दिसत नव्हता इतका पाऊस, आई ओरडत होती, आणि मीटर दाखवत होता ९ हजार! म्हणजे ज्याला आपण "पावसाळ्यात उजेडच नसतो" म्हणतो, त्या आभाळातून फळीभर जागेवर माझ्या दहा बल्बांइतकाच उजेड फुकट पडत होता. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. उजेडाची अडचण आहे ती छप्पर घातलं म्हणून.

बाहेर रोपं मरतात ती कशाने? दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो आमच्याकडे. थेंबांच्या माऱ्याने माती उडते, वाफ्यात पाणी साचतं आणि भाजीची रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. त्यावर उपाय बांबूचा मांडव आणि वर पारदर्शक प्लास्टिक. त्याखालीही ६-७ हजार लक्स राहतात. ट्रेमध्ये कोकोपीट भरून रोपं मांडवात ठेवायची, आणि अगदी काळोखे दिवस आले तर हाच दहा बल्बांचा रॅक संध्याकाळी चार तास. महिन्याला ११ युनिट. लाइट गेली तरी बिघडत नाही, रोप एक-दोन दिवस कळ काढतं. त्या फळीवर ९८ खणांचे चार ट्रे बसतात, म्हणजे ३९२ रोपं, दीड गुंठ्याला पुरतील एवढी टोमॅटोची.

"मग रोपं नाशिकहून विकत आणा की," असं एका सरांनी मला विचारलं. बरोबर आहे सर, रुपया-दीड रुपयाला मिळतात. ज्याची जीप आहे त्याने आणावीत. पण दीड गुंठेवाला घाट चढून त्र्यंबकमार्गे रोपं आणायला जात नाही, तो बी फोकून मोकळा होतो. रोप करून लावणं आमच्या लोकांना शिकवायला नको, भात-नागलीचं आवण पिढ्यान् पिढ्या करतायत.

एवढा आटापिटा महिनाभरासाठी कशाला, हे सांगतो. ऑगस्टअखेर बी पडलं तर सप्टेंबर संपताना रोप तयार, आणि पाऊस उघडतो तेव्हाच लावणी. विहिरीला पाणी असतं ते त्यापुढचे तीन-चार महिने. मध्य वैतरणा धरण आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि मार्चपासून पाड्यांवर टँकर, हे वेगळं सांगायला नको. पाऊस गेल्यावर बी टाकलं तर तो पाण्याचा पहिला महिना रोपातच जातो. दिवाळी झाली की घरं बंद व्हायला लागतात. भिवंडी, वसई, वाड्याच्या वीटभट्ट्यांवर माणसं जातात, पोरं शाळेतून उठतात. माझ्या चौथीच्या वर्गात दिवाळीनंतर अर्धे बाक रिकामे असायचे. विक्रमगड-जव्हारकडे मोगरा लावलेली काही घरं आता जात नाहीत, कारण रोज फूल तोडायचं असतं. डिसेंबरात टोमॅटो-मिरची तोडायला असेल तर आणखी काही घरं निदान विचार करतील. सगळी थांबतील असं मी म्हणत नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की समाजमंदिरातले रॅक रद्द करा. त्याच पैशात चार मांडव होतील, प्रत्येकात एक रॅक. आणि शिबिर डिसेंबरात नको, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. चिखल असेल, जळवा असतील, मोबाइलला रेंज नसेल. नावं माझ्याकडे द्यायची, रूम नंबर सगळ्यांना माहीत आहे. रात्री खिडकीतून भक्क उजेड दिसतो तीच.